रोबोटिक्स तंत्रज्ञ व्हायचे असेल, तर सुरुवात रोबोटपासून करावी की देखभाल विभागापासून?

प्रश्न

नमस्कार. विद्युत शाखेतील माझ्या पदविकेचे शेवटचे सत्र संपत आले आहे. औद्योगिक स्वयंचलन आणि रोबोटिक्स या क्षेत्रात तंत्रज्ञ म्हणून काम करायचे, हे मी मनाशी ठरवले आहे. सध्या माझ्यासमोर दोन वाटा आहेत. एक वाट रोबोट बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रोग्रामिंगचा काही महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करण्याची आहे. दुसरी वाट एका कारखान्याच्या देखभाल विभागात लगेच रुजू होण्याची आहे, पण तिथे पाळीचे काम आहे आणि मुलाखत घेणाऱ्यांनी सांगितले की पहिली दोन वर्षे बहुतेक वेळ मोटारी, सेन्सर आणि पॅनेल यांतच जाईल, रोबोटला हात लावायला उशीर होईल.

नोकरीच्या जाहिराती पाहताना ‘रोबोटिक्स तंत्रज्ञ’ हे पदनाम फार थोड्या ठिकाणी दिसते, त्यामुळे या कामाला खरोखर मागणी आहे की केवळ बोलबाला आहे, असा प्रश्न पडतो. शिवाय यंत्रेच स्वतःचे दोष ओळखू लागली, प्रोग्राम लिहून देऊ लागली, तर दहा वर्षांनी तंत्रज्ञाचे काम उरेल का, ही शंकाही मनातून जात नाही. ज्यांनी या क्षेत्रात काही वर्षे घालवली आहेत त्यांनी कृपया आपला अनुभव सविस्तर सांगावा.

उत्तर १ (देखभाल विभाग, १९ वर्षे)

पदनामाची शंका आधी दूर करतो. तुम्ही ज्याला रोबोटिक्स तंत्रज्ञाचे काम म्हणता, ते काम जाहिरातींत मेंटेनन्स टेक्निशियन, मेकॅट्रॉनिक्स टेक्निशियन, कंट्रोल्स टेक्निशियन, इन्स्ट्रुमेंटेशन, फील्ड सर्व्हिस, कमिशनिंग अशा अनेक नावांखाली विखुरलेले असते. अमेरिकेच्या सरकारी रोजगार वर्गीकरणातही हेच दिसते: तिथे मेकॅट्रॉनिक्स तंत्रज्ञांचा गट अगदी लहान आहे, तर कारखान्यातील यंत्रांची देखभाल करणाऱ्यांचा गट त्याच्या कितीतरी पट मोठा आहे आणि वाढही त्याच मोठ्या गटात अधिक अपेक्षित आहे. त्यामुळे शोध घेताना ‘रोबोट’ हा शब्द टाकून थांबू नका. जाहिरातीतील कामाचे वर्णन वाचा आणि त्यात पीएलसी (यंत्रे चालवणारा, प्रोग्राम करता येणारा नियंत्रक), ड्राइव्ह (मोटारीचा वेग नियंत्रित करणारे उपकरण), सर्व्हो (नेमक्या स्थितीवर नेता येणारी मोटार), बिघाडशोध हे शब्द आहेत का ते पाहा.

आता मुख्य मुद्दा. रोबोट आणि त्याच्याभोवतीची यंत्रणा मिळून जे कामाचे ठिकाण बनते त्याला सेल म्हणतात; रोबोटचा हात हा त्या सेलचा एक भाग असतो आणि माझ्या अनुभवात सर्वांत कमी त्रास देणारा भागही तोच असतो. त्याच्या भोवती कन्व्हेयर असतो, तुकडा पकडणारा ग्रिपर असतो, हवेचे सिलिंडर आणि व्हॉल्व्ह असतात, प्रॉक्सिमिटी सेन्सर, सुरक्षा दरवाजे, पीएलसी आणि या सगळ्यांना जोडणारे जाळे असते. लाइन थांबते तेव्हा रोबोटच्या पडद्यावर संदेश दिसतो खरा, पण बहुतेक वेळा तो संदेश ‘मला अमुक सिग्नल मिळाला नाही’ एवढेच सांगत असतो, आणि तो सिग्नल का मिळाला नाही हे बाहेर जाऊन शोधावे लागते.

एक प्रसंग सांगतो. आमच्याकडे एका वेल्डिंग रोबोटवर पाळीत दोन-तीनदा एन्कोडरचा, म्हणजे सांध्याची स्थिती मोजणाऱ्या सेन्सरचा, अलार्म येत असे. पुन्हा सुरू केला की तो व्यवस्थित चाले. काहींनी प्रोग्राममधील बिंदू बदलून पाहिले, कुणी सर्व्हो ड्राइव्ह बदलला, मीटर लावून केबल तपासली तर तीही सलग असल्याचे दिसले. दुसऱ्याच वर्षाला असलेल्या आमच्या एका तंत्रज्ञाने मात्र सेलबाहेर वही घेऊन उभे राहून, अलार्म आला त्या प्रत्येक क्षणी हात कोणत्या स्थितीत होता हे टिपायला सुरुवात केली, आणि पाचव्या नोंदीपर्यंत हे स्पष्ट झाले की दर वेळी मनगट एकाच बाजूला पूर्ण पिळलेले होते. हाताबरोबर सतत वळणाऱ्या केबलमधील एक तार वेष्टनाच्या आत तुटली होती. केबल सरळ असताना तिची दोन टोके एकमेकांना टेकत आणि पीळ बसला की सुटत. रोबोट उभा असताना मीटर लावून हा दोष कधीही सापडला नसता. त्या तंत्रज्ञाने प्रोग्रामिंगचा कोणताही अभ्यासक्रम केलेला नव्हता, पण दोन वर्षे केबल, कनेक्टर आणि टर्मिनल हाताळल्यामुळे हलणारी तार आधी तुटते हे त्याला ठाऊक होते.

म्हणून मोटारी आणि सेन्सर यांत जाणाऱ्या दोन वर्षांकडे वाया जाणारा काळ म्हणून पाहू नका. ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल शून्यापासून का सुरू होत नाही, याचे उत्तर पुस्तकात एका ओळीत मिळते: शून्य मापासाठी ४ मिलिअँपिअर ठेवले, म्हणजे प्रवाह खरोखर शून्यावर आला तर तार तुटली किंवा पुरवठा गेला हे कळते. पण रात्रीच्या पाळीत टाकीची पातळी अचानक शून्याखाली दिसू लागली आणि घाबरून पंप बंद करण्याऐवजी तुम्ही आधी टर्मिनलकडे गेलात, की ती ओळ तुमची होते. पीएनपी आणि एनपीएन सेन्सरमधला (धन बाजू जोडणारा की ऋण बाजू जोडणारा) फरक, ड्राइव्हच्या केबलचे शील्ड, म्हणजे धातूचे आवरण, नीट अर्थिंगला न जोडल्यास शेजारच्या एन्कोडरच्या सिग्नलमध्ये येणारा गोंधळ, पुरवठा बंद केल्यावरही ड्राइव्हमधील कपॅसिटरमध्ये काही मिनिटे टिकून राहणारा जीवघेणा विद्युतदाब, या सगळ्या गोष्टी त्याच दोन वर्षांत अंगवळणी पडतात.

यंत्रे काम हिरावून घेतील या शंकेबद्दल आमच्याच व्यवसायाचा इतिहास पाहावा. १९६८ साली जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिले (विद्युतचुंबकाने चालणारे स्विच) पॅनेलच्या जागी बसेल अशा नियंत्रकाची मागणी केली, कारण गाडीचे मॉडेल बदलले की शेकडो रिलेंची जोडणी नव्याने करावी लागत असे. त्या मागणीतून डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोडिकॉन ०८४ हा पीएलसी आला. रिलेची जोडणी करणाऱ्या विद्युत तंत्रज्ञांचे तेव्हा काय झाले? पीएलसीची लॅडर भाषा मुद्दाम रिलेच्या आकृतीसारखी ठेवली गेली होती, जेणेकरून कारखान्यातील त्याच लोकांना ती वाचता यावी. ज्यांनी ती वाचायला घेतली, ते पुढची तीस वर्षे त्या क्षेत्राचे आधारस्तंभ झाले. ज्यांनी ‘हे संगणकवाल्यांचे काम’ म्हणून हात झटकले, ते मागे पडले. आज प्रोग्रामचा पहिला मसुदा संगणक लिहून देऊ लागला आहे, हे मी स्वतः पाहतो आहे, आणि तो मसुदा या विशिष्ट सेलमध्ये चालेल की ग्रिपर उघडण्यापूर्वीच हात मागे घेईल, हे तपासायला सेल जाणणारा माणूसच लागतो.

माझे मत स्पष्ट आहे: देखभालीची नोकरी घ्या.

उत्तर २ (सिस्टीम इंटिग्रेटर, कमिशनिंग)

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, पण एका बाबतीत मला वेगळे म्हणायचे आहे. देखभालीतून बिघाडशोध येतो, मात्र सेल शून्यातून उभा कसा राहतो हे तिथे क्वचितच पाहायला मिळते, आणि प्रगतीच्या दृष्टीने तेही शिकणे तितकेच आवश्यक आहे.

मागणीविषयी काही आकडे देतो. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या नोंदीनुसार २०२३ या एका वर्षात जगभरात ५,४१,३०२ औद्योगिक रोबोट नव्याने बसवले गेले आणि कार्यरत रोबोटांची एकूण संख्या सुमारे ४२ लाख ८० हजारांवर पोहोचली. नव्या रोबोटांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या चीनमध्ये बसवले गेले, म्हणजे ही वाढ सगळीकडे सारखी नाही हेही लक्षात ठेवावे. कारखानदारीतील दर १०,००० कामगारांमागे त्या वर्षी सरासरी १६२ रोबोट होते, तर दक्षिण कोरियात हीच संख्या हजाराच्या वर होती. या आकड्यांतून नोकऱ्यांची संख्या थेट काढता येत नाही, पण बसवलेला प्रत्येक रोबोट दहा-पंधरा वर्षे चालवायचा असतो आणि त्या काळात त्याच्या गिअरबॉक्समधील ग्रीस, एन्कोडरच्या बॅटऱ्या, केबल आणि अखेरीस खुद्द गिअरबॉक्स बदलावे लागतात. नव्या गुंतवणुकीचे वर्ष मंदावले की आमच्यासारख्या सेल उभारणाऱ्यांचे काम लगेच घटते, तेव्हाही आधीच बसलेल्या यंत्रांची देखभाल थांबत नाही. नोकरीच्या स्थैर्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे आणि तो मी माझ्या कामाविरुद्ध जाऊनही मान्य करतो.

प्रमाणपत्र अभ्यासक्रमाबद्दल सांगायचे, तर तो निरुपयोगी नाही, पण त्याची वेळ चुकू शकते. एका कंपनीच्या पेंडंटवरील, म्हणजे रोबोट चालवण्याच्या हातातल्या नियंत्रकावरील, बटणे आणि आज्ञा शिकून बाहेर पडलात आणि कारखान्यात दुसऱ्याच कंपनीचा रोबोट असला, तर त्यातील अर्धे शिक्षण विस्मरणात जाईल. जे टिकते ते संकल्पनांचे शिक्षण: पाया, साधन आणि तुकडा यांच्या निर्देशांक चौकटी कशा बांधायच्या, साधनाचे टोक म्हणजे टीसीपी कसे निश्चित करायचे, सांध्यांनुसार हालचाल आणि सरळ रेषेतील हालचाल यांत काय फरक पडतो. सहा अक्षांच्या नेहमीच्या हातात पाचवा अक्ष सरळ झाला की चौथा आणि सहावा अक्ष एका रेषेत येतात, आणि त्या स्थितीतून सरळ रेषेत जाताना मनगट एकाएकी प्रचंड वेगाने फिरू पाहते किंवा रोबोट थांबतो. ही सिंग्युलॅरिटी ज्याला समजली, तो कोणत्याही कंपनीच्या रोबोटवर तुकड्याची जागा थोडी हलवून मार्ग काढतो. ज्याला ती समजली नाही, तो प्रत्येक वेळी अलार्म पुसत बसतो. पीएलसीच्या बाबतीतही तसेच आहे. आयईसी ६११३१-३ हे मानक १९९३ साली आले तेव्हापासून लॅडर, फंक्शन ब्लॉक, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट यांसारख्या भाषांचा गाभा निरनिराळ्या कंपन्यांत बराच सारखा राहिला आहे. त्यामुळे लॅडर पक्की झाल्यावर स्ट्रक्चर्ड टेक्स्टही शिकून घ्या, कारण नव्या सेलमधील गणिते आणि माहितीची देवाणघेवाण हल्ली बहुधा तिच्यात लिहिली जाते.

आमच्या कामाचे स्वरूपही तुम्हाला माहीत असावे. आधी संगणकावर सेलचे सिम्युलेशन होते, मग आमच्या जागेत सेल उभारून ग्राहकासमोर चाचणी होते, नंतर सगळे सोडवून ग्राहकाच्या कारखान्यात नेऊन पुन्हा जोडतात, आणि खरी परीक्षा तिथे होते. आराखड्यात सरळ असलेली जमीन तिथे सरळ नसते, तुकड्यांची मापे कागदावरच्यापेक्षा जास्त बदलतात, आणि सायकल टाइम, म्हणजे एका तुकड्याला लागणारा वेळ, दोन सेकंदांनी जास्त भरला की उत्पादन विभागाचे लोक आपल्या मागे उभे राहतात. घरापासून सलग कित्येक आठवडे दूर राहावे लागते. वयाच्या पंचविशीत हे जमते आणि शिकायलाही विलक्षण मिळते, पण घरची जबाबदारी वाढल्यावर अनेक जण कारखान्यातील स्थिर नोकरीकडे वळतात. या क्रमाला मी पराभव मानत नाही.

भरतीच्या वेळी मी उमेदवाराला शिकाऊ सेलमध्ये नेतो. त्यात आधीच एक दोष पेरलेला असतो, बहुधा सैल केलेले टर्मिनल किंवा जागेवरून सरकवलेला सेन्सर. किती वेळात दोष सापडला यापेक्षा त्याने आधी काय पाहिले याकडे माझे लक्ष असते. इनपुटचे दिवे आणि पडद्यावरील स्थिती पाहण्याआधीच जो प्रोग्राम बदलायला लॅपटॉप उघडतो, त्याची मला भीती वाटते.

उत्तर ३ (यंत्रसुरक्षा)

वरील दोन्ही उत्तरांत सुरक्षेचा उल्लेख ओझरता आला आहे, म्हणून थोडे लिहितो.

१९७९ साली अमेरिकेत फोर्डच्या एका ओतशाळेत रॉबर्ट विल्यम्स हा कामगार सुट्या भागांच्या साठ्याजवळ गेला असताना यंत्राच्या हाताचा आघात होऊन मरण पावला. औद्योगिक रोबोटमुळे झालेला पहिला मृत्यू म्हणून त्याची नोंद केली जाते. आज रोबोटला हालचाली शिकवताना (टीच मोडमध्ये) त्याचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरपुरता मर्यादित ठेवणे आणि पेंडंटवर तीन स्थितींचे बटण असणे, म्हणजे ते सोडले तरी आणि घाबरून घट्ट आवळले तरी रोबोट थांबणे, हे नियम आपण गृहीत धरतो. ते आयएसओ १०२१८ सारख्या मानकांनी घालून दिले आहेत, आणि त्यामागचे कारण जाणणाऱ्या तंत्रज्ञांची फार गरज आहे.

माणसांशेजारी कुंपणाविना चालणाऱ्या कोबॉटबद्दल एक गैरसमज मला वारंवार दिसतो. हात सुरक्षित आहे, म्हणून सेल सुरक्षित आहे, असे धरले जाते. पण त्या हाताने धारदार कडांचा पत्रा धरला असेल, तर हात कितीही मऊपणे थांबला तरी इजा होऊ शकते. म्हणून धोक्याचे मूल्यमापन संपूर्ण कामाचे करावे लागते आणि माणसाला यंत्राचा स्पर्श झाल्यास किती बल व दाब चालेल हे मोजावे लागते. २०१६ सालच्या आयएसओ/टीएस १५०६६ या दस्तऐवजात शरीराच्या निरनिराळ्या भागांसाठी त्या मर्यादा दिलेल्या आहेत. मी स्वतः तंत्रज्ञ म्हणून सुरुवात करून या कामात आलो. ज्याने प्रत्यक्ष सेलमध्ये काम केले आहे, त्याला लोक सुरक्षा दरवाजाचा इंटरलॉक (दार उघडताच यंत्र थांबवणारी यंत्रणा) नेमका कधी आणि का बायपास करतात, म्हणजे निकामी करून ठेवतात, हे ठाऊक असते, आणि केवळ कागदावरून तपासणी करणाऱ्याला ते दिसत नाही. नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाला माझी एकच विनंती आहे: कुलूप आणि सूचनापट्टी लावल्याशिवाय, आणि विद्युतदाब खरोखर गेला आहे हे मीटरने स्वतः तपासल्याशिवाय आत जाऊ नका, मग उत्पादन विभाग कितीही घाई करो.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनःपूर्वक आभार. पेरलेल्या दोषाबद्दल वाचून मी माझ्याच सवयी तपासल्या आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर मीही आधी लॅपटॉपच उघडला असता. देखभालीची नोकरी घेण्याकडे आता माझा कल झाला आहे. एक शंका मात्र उरते. पाळीचे काम आणि बिघाडाची धावपळ पंचेचाळिशीतही करावी लागते का, आणि पदवी नसलेल्याला एका टप्प्यावर थांबावे लागते का?

उत्तर ४ (तंत्रज्ञ, आता नियंत्रण आणि नेटवर्क)

माझ्याकडेही पदवी नाही, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी अनुभवावरून देऊ शकतो. होय, काही ठिकाणी अडते. ज्या कारखान्यांत अभियंता हे पद पदवीशिवाय मिळत नाही, तिथे माझ्याहून कमी अनुभव असलेल्यांच्या हाताखाली मी काम केले आहे आणि त्याचे दुःखही झाले आहे. रात्रपाळीचा झोपेवर आणि पाठीवर होणारा परिणामही खरा आहे. चाळिशीच्या सुमारास मला तो स्पष्ट जाणवू लागला.

मला बाहेर पडण्याची वाट मिळाली ती कारखान्यातील नेटवर्कमुळे. पूर्वी प्रत्येक सेन्सरची स्वतंत्र तार पॅनेलपर्यंत येत असे. आता ड्राइव्ह, रोबोट, कॅमेरे आणि पीएलसी हे सगळे प्रोफिनेट, इथरनेट/आयपी किंवा इथरकॅट यांसारख्या जाळ्यांवर बोलतात, आणि जाळे अडखळले की नेमका दोष कुठे आहे हे विद्युत विभागालाही सांगता येत नाही आणि कार्यालयातील संगणक विभागालाही. मी आयपी पत्ते, स्विच आणि नेटवर्कवरील संदेश वाचण्याची साधने फावल्या वेळात शिकलो. २०१० साली स्टक्सनेट हा औद्योगिक नियंत्रकांना लक्ष्य करणारा संगणकविषाणू उघडकीस आल्यापासून पीएलसीवरही हल्ला होऊ शकतो हे सर्वांना कळले आहे, आणि यंत्रांचे जाळे बाहेरच्या जगापासून वेगळे कसे राखावे हे जाणणारी माणसे कारखान्यांत अजूनही थोडी आहेत. आज मी दिवसा काम करतो. माझ्याबरोबरचे काही जण यंत्रदृष्टीकडे, म्हणजे कॅमेऱ्याने तपासणी करण्याच्या कामाकडे गेले, एक जण प्रशिक्षक झाला, आणि दोघांनी नोकरी सांभाळून पदवी पूर्ण केली. जो फक्त ‘रिसेट’ करत राहिला, तो मात्र आजही तिथेच रात्रपाळी करतो आहे. त्याची बुद्धी कमी नव्हती, त्याला कुणी प्रोग्राम उघडूच दिला नाही.

उत्तर १ (देखभाल विभाग)

शेवटचे वाक्य वाचून एक राहिलेली गोष्ट लिहितो, कारण तुमचा निर्णय तिच्यावर अवलंबून असावा. काही कारखान्यांत पीएलसी आणि रोबोटचे प्रोग्राम कुलूपबंद असतात. लॅपटॉप आणि पासवर्ड फक्त यंत्र पुरवणाऱ्या कंपनीकडे असतात आणि देखभालीच्या लोकांनी सुटे भाग बदलून, रिसेट करून, नाहीच जमले तर फोन करायचा असतो. अशा ठिकाणी पाच वर्षे काढूनही बिघाडशोध अर्धाच येतो.

म्हणून होकार कळवण्यापूर्वी पुन्हा एकदा भेटीची वेळ मागा आणि तीन गोष्टी विचारा. देखभालीच्या तंत्रज्ञाला प्रोग्राम ऑनलाइन पाहता येतो का, निदान बदल न करता वाचण्यापुरता तरी? रोबोट आणि पीएलसीचे बॅकअप कोण घेते आणि शेवटचा कधी घेतला? आणि बिघाडांची नोंदवही पाहायला मिळेल का? नोंदवहीत कारणाच्या रकान्यात पानोपानी ‘सेन्सर दोष, बदलला’ एवढेच लिहिलेले दिसले, तर तिथे कारण शोधण्याची पद्धत नाही असे समजा आणि दुसरीकडे अर्ज करा. पण तो सेन्सर का खराब झाला, पाणी शिरले की धडक बसली की केबल ओढली गेली, हे कुणीतरी लिहून ठेवलेले असेल, तर ती नोंद कोणाच्या हाताची आहे ते विचारा आणि शक्य झाल्यास त्याच्याच पाळीत रुजू करून घ्यावे, अशी विनंती करा.